ढगाचा पंचनामा कोण करणार?

२८ ऑक्टोबर २०२५ ला कानपूरहून एक छोटं सेस्ना विमान उडालं आणि प्रदूषण धुवायला कृत्रिम पाऊस पाडावा म्हणून दिल्लीच्या आभाळात रसायनाच्या नळकांड्या पेटवून आलं. दिवसभर वाहिन्यांवर तेच. बुराडी, करोल बाग, मयूर विहार अशी नावं पडद्यावर फिरत होती, आणि निवेदक खिडकीबाहेर हात काढून पाऊस आला का ते बघत होते. पाऊस आला नाही. नोएडाकडे ०.१-०.२ मिलिमीटर नोंद झाली म्हणे. एवढ्यानं आमच्या दुकानाबाहेरच्या ताडपत्रीवरची धूळही बसत नाही. दुसऱ्या दिवशीचं उड्डाण थांबवलं, कारण ढगांत आर्द्रता पंधरा-वीस टक्केच होती. प्रयोग करणाऱ्या आयआयटी कानपूरनं सांगितलं की हवेतली धूळ थोडी कमी झाल्याचं आढळलं. पाच चाचण्यांसाठी ३.२१ कोटींची तरतूद होती. नंतर दोन-चार दिवस विनोद झाले, आणि विषय संपला.

दिल्लीकरांना हे नवीन असेल. आम्ही या खेळाचे जुने प्रेक्षक आहोत. बार्शी-परांडा पट्ट्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. जुलैत पावसाचा खंड पडला की काउंटरवर बियाणं-खताचं बोलणं बंद होतं आणि एकच प्रश्न येतो, ‘मालक, इमान कधी येणार?’ २००३ च्या दुष्काळात विमान आलं, २०१५ ला आलं, २०१९ ला आलं. प्रत्येक वेळी येणार-येणार म्हणून जेवढी बातमी झाली, त्याच्या दशांशही ‘आलं, मग काय झालं’ याची झाली नाही. माझी तक्रार त्या दुसऱ्या बातमीबद्दल आहे. आणि ती करायला हवामानशास्त्राची पदवी लागते असं मला वाटत नाही.

विमान करतं काय, हे आधी बघू, कारण ‘कृत्रिम पाऊस’ या नावानं बराच घोळ घातला आहे. ढगातला पाण्याचा कण इतका बारीक असतो की तो खाली पडतच नाही, तरंगत राहतो. असे दहा लाखांच्या आसपास कण एकत्र आले तर पावसाचा एक बरा थेंब होतो. काही ढगांत हे एकत्र येणं आपोआप होतं, काहींत होत नाही. ढग उबदार असेल तर त्याच्या तळाशी मिठासारख्या, पाणी ओढून घेणाऱ्या क्षाराचे कण सोडायचे. त्यांच्यावर पाणी जमून थोडे मोठे थेंब होतात आणि ते बाकीच्यांना गिळत खाली येतात. ढग उंच असेल, आत शून्याखालच्या तापमानातही न गोठलेलं पाणी असेल, तर सिल्व्हर आयोडाइड सोडायचं. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाशी जुळती असल्यानं त्यावर बर्फ धरतो. ही युक्ती १९४६ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत सापडली. व्हिन्सेंट शेफर यांनी कोरडा बर्फ वापरला, बर्नार्ड व्होनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड शोधलं. म्हणजे ऐंशी वर्षांची जुनी गोष्ट. आपल्याकडे सह्याद्रीत टाटांच्या कंपनीनं १९५१ मध्येच जमिनीवरून धूर सोडून हा प्रयोग केला होता.

यात मेख एकच. विमान ढग आणत नाही. असलेल्या ढगाला चिथावतं. ढग नसेल, किंवा दिल्लीसारखा कोरडा असेल, तर नळकांड्या आभाळात फोडल्या काय आणि दिवाळीत अंगणात फोडल्या काय, सारखंच. आयआयटी दिल्लीच्या अभ्यासकांनी लिहिलं आहे की दिल्लीच्या हिवाळ्यात या कामाला योग्य ढग फारसे मिळत नाहीत. तरीही विमान उडालं. शास्त्रज्ञांचं काही चुकलं असेल असं मी म्हणत नाही. त्यांना आभाळ बघून तारीख ठरवायची मुभा होती का, हा प्रश्न आहे.

आता याची दुसरी बाजू, आणि ती महाराष्ट्राच्या पदरात आहे. पुण्याच्या आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं बारामतीच्या पर्जन्यछायेत १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे विमानानं मीठ फवारून प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष होता सुमारे २४ टक्के वाढ. मग याच संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरात पुन्हा काम केलं. दोन विमानं होती, एक फवारणारं, एक मोजणारं. रडार होतं, जमिनीवर पर्जन्यमापकांचं जाळं होतं. २७६ ढग निवडले. त्यातल्या कुठल्यावर फवारायचं आणि कुठला तसाच सोडायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे ‘चांगला ढग दिसला की फवार’ अशी लबाडी करायला वाव राहिला नाही. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाऱ्याच्या दिशेनं सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. एखाद्या ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत.

हे वाचून मला खरंच बरं वाटलं. वर्षानुवर्षं आमच्या डोक्यावर जो तमाशा चालला होता, त्याच आभाळात कुणीतरी शांतपणे, न फवारलेले ढगही मोजत, काम करून गेलं. आणि त्यांनी आकड्यासोबत अटीही सांगितल्या: योग्य ढग असेल तर, योग्य वेळी, योग्य जागी.

पण बातमीत अटी गळतात आणि टक्का उरतो. ‘सोलापुरात १८ टक्के जादा पाऊस!’ दुकानात एकानं विचारलं, ‘मग आपल्याकडं का पडंना?’ त्याला मी एवढंच विचारलं, अठरा टक्के कशाचे? तीस मिलिमीटर पडणार असेल तर पस्तीस पडेल. पाच पडणार असेल तर सहासुद्धा नीट होणार नाही. आणि काहीच पडणार नसेल, तर शून्याचे अठरा टक्के शून्यच. दुष्काळात आभाळ रिकामं असतं, म्हणून तर तो दुष्काळ असतो. ज्या वर्षी ही युक्ती चालण्याची शक्यता सगळ्यात कमी, नेमकी त्याच वर्षी तिच्यासाठी निविदा निघते.

त्याच अभ्यासाच्या बातम्यांत अशा पाण्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे असा आला होता, आणि देशी विमान वापरलं तर तो निम्म्यावर येईल असंही. अठरा पैसे ऐकायला काहीच नाही. दहा हजार लिटरचा टँकर १,८०० रुपयांना पडला; प्यायच्या पाण्यासाठी एखादं गाव हो म्हणेल. आता शेतीचं बघा. एक एकर सोयाबीनला पन्नास मिलिमीटरचं एक भिजवणं म्हणजे दोन लाख लिटर पाणी. अठरा पैशांनी छत्तीस हजार रुपये. एकरी सात क्विंटल माल आला आणि २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये प्रत्यक्षात मिळाला (हा ‘मिळाला’ स्वतंत्र लेखाचा विषय आहे), तर हाती येतात सदतीस हजार. एका पाण्यात आख्खं पीक गेलं. खर्च सरकारचा, हे मान्य. ढग शेत, माळ आणि डांबरी रस्ता यात फरक करत नाही, हेही मान्य. म्हणजे कामाच्या पाण्याचा भाव आणखी चढला. हा हिशेब कागदाच्या तुकड्यावर दोन मिनिटांत होतो. त्यासाठी सुपरकॉम्प्युटर लागत नाही.

सामान्य माणसानं विज्ञानाच्या बातमीवर मत द्यावं की नाही, यावर हल्ली एक ठरलेलं उत्तर असतं: ज्याचं त्याला कळतं, तुम्ही भरवसा ठेवा. रसायन कुठलं वापरावं, विमान ढगाच्या तळाशी न्यावं की माथ्यावर, यात मी तोंड घालणार नाही. पण पाऊस पडला तर तो तुमच्यामुळे पडला हे कशावरून, हा प्रश्न विचारायला मला पूर्ण अधिकार आहे. आणि शास्त्रज्ञ स्वतःला जो प्रश्न पहिला विचारतात तो हाच आहे. इस्रायलनं कितीतरी वर्षं ढगांवर फवारणी केली. पुढे २०१३ ते २०२० असा कडक प्रयोग करून पाहिला, वाढ दोन टक्क्यांच्याही आत निघाली, ती योगायोगानंही आली असती अशी. त्यांनी कार्यक्रम थांबवला. आपल्याकडे असं ‘थांबवलं’ कधी ऐकलंय? आपल्याकडे गोष्टी थांबत नाहीत, नुसत्या विसरल्या जातात. आणि पुढच्या दुष्काळात पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

२०१५ आठवा. औरंगाबादला विभागीय आयुक्तांच्या कचेरीच्या गच्चीवर रडार बसलं, विमानं आली. रोज पेपरात तालुक्यांची नावं: इथे पाऊस, तिथे हलका पाऊस. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे न्यावी लागली. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन पोचली. यावरून विमानाचा प्रयोग फसला असं सिद्ध होत नाही. प्रयोग झाला नसता तर कदाचित रेल्वे महिनाभर आधी लागली असती, कोण सांगणार? नेमकं हेच माझं म्हणणं आहे. कोण सांगणार? २०१९ मध्ये मंत्रिमंडळानं पुन्हा ३० कोटी मंजूर केले. ऑगस्टात मराठवाड्यात विमान ढग शोधत फिरत होतं, आणि त्याच ऑगस्टात कोल्हापूर-सांगली पुरात बुडाली होती. एका राज्यातल्या लोकांना एकाच महिन्यात आभाळाबद्दल दोन उलट्या तक्रारी करायला लागल्या. त्या हंगामात नळकांड्या किती फुटल्या, तो आकडा सांगितला गेला. त्यांच्यामुळे जादा पाऊस किती झाला, हा हिशेब काही माझ्या काउंटरपर्यंत पोचला नाही.

नळकांड्या मोजणं म्हणजे काम मोजणं नव्हे. किती पोती विकली हे मला माझ्या वहीत दिसतं. किती उगवलं हे शेतात जाऊन बघावं लागतं. सोयाबीनच्या प्रत्येक पिशवीला लेबल असतं. त्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि उगवणक्षमता, किमान ७० टक्के. नाही उगवलं तर शेतकरी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करतो, कृषी अधिकारी बांधावर येतात, रोपं मोजतात, पंचनामा होतो. त्या समितीचे हाल मला माहीत आहेत. पंचनामा होईपर्यंत दुबार पेरणीची वेळ टळून जाते. तरी निदान दावा काय होता हे पिशवीवर छापलेलं असतं, भांडायला कागद असतो. तीन-साडेतीन हजारांच्या पिशवीला जो नियम आहे, तो ३० कोटींच्या विमानाला का नको? विमान उडायच्या आधी कुठे लिहिलेलं असतं की अमुक इतका फरक दिसला तर आम्ही याला यश म्हणू, आणि नाही दिसला तर अपयश? ते लिहिलेलं नसल्यामुळे काहीही झालं तरी यशच होतं. पडला तर आमच्यामुळे, नाही पडला तर आर्द्रता कमी होती.

या मोकळ्या जागेत मग काय काय उगवतं ते बघण्यासारखं आहे. पवनचक्क्या ढग पळवतात, अशी ठाम समजूत आमच्याकडे आहे, सांगली-साताऱ्याकडेही होती. शिकलेली माणसं हसतात. पवनचक्कीचं पातं शे-दीडशे मीटरवर फिरतं, पावसाळी ढगाचा तळ हजार मीटरच्या आसपास, हे मी पण गिऱ्हाइकांना सांगतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला उलट विचारलं, ‘मालक, एवढंसं इमान धूर सोडून पाऊस पाडू शकतंय, तर एवढा मोठा पंखा त्याला हाकलू शकत नाही व्हय?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांचा तर्क वाईट नाही. जी माहिती त्यांना दिली गेली तिच्यावरून तो बरोबरच निघतो. सरकारनंच सांगितलं की माणूस पाहिजे तेव्हा पाऊस पाडू शकतो. मग कुणीतरी आपला पाऊस पळवतोय, हे त्यातून आपोआप आलंच. शेजारच्या तालुक्यात विमान फिरलं आणि आपल्याकडे उघडीप राहिली की लोक तेच म्हणतात.

दुबईचं तेच झालं. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत पंचाहत्तर वर्षांतला विक्रमी पाऊस झाला, अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांत २५४ मिलिमीटर. संध्याकाळपर्यंत आपल्याकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘निसर्गाशी खेळल्याची शिक्षा’ आली होती, कारण तो देश ढगांवर फवारणी करतो हे सगळ्यांना ठाऊक. हवामानतज्ज्ञ सांगत राहिले की एवढी मोठी वादळी प्रणाली कित्येक दिवस आधीपासून अंदाजात दिसत होती, फवारणीनं असा पूर येत नाही. सोलापुरात काळजीपूर्वक करून सरासरी अठरा टक्के मिळतात, हे ज्यांना नीट सांगितलं गेलं असतं, त्यांनी तो निरोप पुढे ढकलण्याआधी निदान एकदा डोकं खाजवलं असतं. फुगवून सांगितलेल्या बातमीनं अंधश्रद्धा हटत नाही, तिला नुसते नवे कपडे मिळतात.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो मला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही, तो रोज समोर उभा असतो. वीस दिवस पाऊस नाही, सोयाबीन माना टाकतंय, अशा वेळी माणसाला ‘चिठ्ठ्या टाकून प्रयोग करू, अर्ध्या ढगांवर फवारणार नाही’ हे सांगायचं कसं? तो म्हणणार, माझ्या डोक्यावरचा ढग सोडून देता? ३० कोटी म्हणजे राज्याच्या बजेटात चिल्लर. निदान काहीतरी करतायत एवढा तरी धीर येतो. धीर येतो हे खरं. मी स्वतः विमानाचा आवाज ऐकून दुकानाबाहेर येऊन बघितलंय. पण तो धीर महाग पडतो. विमान येणार म्हणून माणसं पिकावर आणखी एक फवारणी करतात, उधारीवर खताचं आणखी एक पोतं नेतात. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो सल्ला कंटाळवाणा आहे, टीव्हीवर येत नाही, पण त्यानं जेवढ्या दुबार पेरण्या वाचल्या असतील तेवढ्या कुठल्या विमानानं वाचवल्या असतील असं मला वाटत नाही.

शिवाय पैसे चिल्लर असले तरी चिल्लरीत काय काय येतं? आमच्याकडे महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे, म्हणजे पंधरा-वीस गावांमागे एक. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर नोंदलं तर अतिवृष्टी, नुकसानभरपाईचा रस्ता मोकळा. ६३ नोंदलं तर नाही. मंडळाच्या गावी भुरभुर आणि दहा किलोमीटरवर ओढ्याला पूर, हे आम्ही दरवर्षी बघतो. ज्याच्या शेतातली माती वाहून गेली तो कागदोपत्री कोरडाच. पाऊस पाडायच्या आधी पडलेला पाऊस तरी धड मोजा, अशी मागणी आमच्या भागातला कुठलाही शेतकरी करेल. ग्रामपंचायतनिहाय केंद्रांची घोषणा झाली आहे. ती जमिनीवर येऊ दे. आणि गंमत म्हणजे गावोगावी पर्जन्यमापक असेल तरच विमानाच्या पावसाचा खरा हिशेब लागेल. दोन्ही कामं एकच आहेत.

माझा विरोध विमानाला नाही. सोलापूरचा अभ्यास खरा धरून चालायचं तर मार्गही त्यातच आहे. फवारणी चांगल्या पावसाळ्यात करा, जून-जुलैत, आभाळ भरलेलं असताना, कुणी मागणी करत नसताना. पडलेलं जादा पाणी धरणात, तळ्यात, विहिरीत साठवा आणि कोरड्या वर्षी वापरा. असं केलं तर बातमी छोटी होईल, हिरवा झेंडा दाखवायला कुणी येणार नाही. चालेल. ढग निवडायचा अधिकार पुण्याच्या शास्त्रज्ञांना द्या, मुंबईच्या मंत्रालयाला नको. आणि मूल्यमापन ज्या कंपनीचं विमान तिच्याकडे देऊ नका.

पण नवं काही करायच्या आधी जुनं एक काम बाकी आहे, आणि त्याला खर्च जवळपास नाही. २०१५ आणि २०१९ च्या उड्डाणांची नोंदवही उघडा. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या ढगावर, किती नळकांड्या, आणि त्या दिवशी कुठले ढग बघून सोडून दिले. त्या दिवसांच्या मंडळनिहाय पावसाच्या नोंदी महसूल खात्याकडे आहेतच. दोन्ही कागद संकेतस्थळावर शेजारी-शेजारी टाका. सोलापूर किंवा लातूरच्या कॉलेजातली संख्याशास्त्राची चार पोरं सहा महिन्यांत त्यातून काय निघतं ते सांगतील. कदाचित निघेल की खरंच फरक पडला होता. मग मी माझ्या दुकानात तो तक्ता लावीन.